सशाची ताटली की आजीची चांदीची वाटी?

पत्र:

ताई, मी नाशिकची. भाऊ-वहिनी मँचेस्टरला असतात. भाचीच्या बारशाला माझा व्हिसा वेळेत आला नाही, म्हणजे आत्या असून कानात कुर्रर्र दुसऱ्याच कोणीतरी केलं. आता पहिल्या वाढदिवसाला मी आणि आई जातोय. वहिनीने बाळाची खोली पूर्ण पीटर रॅबिट (इंग्लिश गोष्टीतला ससा) थीममध्ये सजवलीय आणि फॅमिली ग्रुपवर विशलिस्टसुद्धा टाकलीय. मला ऑनलाइन तीन सेट आवडलेत, एक जुना विंटेज, वेजवूड या इंग्लिश कंपनीचा (ताटली, वाटी, मग), एक बांबूचा इको-फ्रेंडली आणि एक मेलामाइनचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा, ज्यावर बाळाचं नाव छापून देतात. आई म्हणते सशाची ताटं कसली देतेस, सराफ बाजारातून चांदीची वाटी-चमचा घे, आपल्यात तेच देतात. त्यात मैत्रिणीने सांगितलं की बोन चायनात खरंच हाडं असतात. आई माळकरी आहे आणि तिथे सहा आठवडे राहणार आहे. काय घेऊ? जुनी भांडी बाळाला चालतात का? आणि विशलिस्टमधलं काहीच नाही घेतलं तर वहिनीला राग येईल का?
– गोंधळलेली आत्या

उत्तर:

अगं आत्याबाई, हाडांचं आधी मिटवून टाकू, कारण ते डोक्यात राहिलं तर बाकीचं वाचायला तुला सुचणार नाही. मैत्रीण खरं बोलतेय. बोन चायना म्हणजे चिनी मातीत हाडांची राख मिसळून केलेलं भांडं, आणि ही राख चिमूटभर नसते बरं का, चांगल्या बोन चायनात निम्म्याच्या आसपास असते, गुराढोरांची हाडं भट्टीत पूर्ण जाळून, दळून. इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंट नावाचं कुंभारकामाचं मोठं गाव आहे, तिथे १७९० च्या दशकात जोसाया स्पोड नावाच्या माणसाने ही पद्धत नीट बसवली, त्याच्या आधी लंडनकडे थोडे प्रयोग झाले होते. त्या राखेमुळेच भांडं इतकं पातळ, पांढरंशुभ्र आणि तरी मजबूत होतं. आता राखच झाली म्हटल्यावर चालेल का नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, काही शाकाहारी घरांत चालतं, काहींत कपसुद्धा दारातून आत येत नाही. माळकरी बाईला मी पटवायला जाणार नाही आणि तूही जाऊ नकोस. फक्त एक कर, भावाच्या घरातले चहाचे कप उलटे करून बघत बसू नकोस, तिथे काय निघेल सांगता येत नाही आणि मग आईचा सहा आठवडे चहाच बंद.

पण चिनी मातीचं प्रत्येक भांडं बोन चायना नसतं. पोर्सेलिन, स्टोनवेअर, अर्दनवेअर यांत हाडांचा संबंध नाही. तू म्हणतेस ते वेजवूडचं पीटर रॅबिट नर्सरीवेअर, म्हणजे बाळांची भांडी, १९४९ पासून निघायला लागलं आणि त्यातली बरीच जुनी भांडी साध्या अर्दनवेअरची आहेत, म्हणजे आईची हरकत तिथे लागू होत नसेलही. बोन चायना असेल तर बहुतेक वेळा तळाला तसं छापलेलंच असतं, कारण विकणाऱ्यासाठी ती अभिमानाची गोष्ट असते. तेव्हा विकणाऱ्याकडून तळाचा फोटो मागवायचा, आणि तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर सोडून द्यायचं. अजून एक, जुन्या इंग्लिश बाळभांड्यांवर ससे दिसले की लोक सरसकट पीटर रॅबिट म्हणून विकतात. रॉयल डॉल्टन या दुसऱ्या इंग्लिश कंपनीचे बनीकिन्स नावाचे ससे त्यात फार मिसळतात. ते १९३४ मध्ये आले, आणि त्यांची चित्रं बार्बरा व्हर्नन नावाच्या एका ननने काढलेली, तिचे वडील त्याच कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. गोड आहेत, पण ते कुठल्या गोष्टीच्या पुस्तकातून आलेले नाहीत, आणि थीमवाली वहिनी हा फरक एका नजरेत ओळखणार. पीटरचा कोट निळा असतो, पण नुसता निळा कोट बघून फसू नकोस.

आता विंटेज सेफ असतं का. बघायला हो, खायला मी नाही म्हणेन. जुन्या भांड्यांच्या चित्रांतल्या रंगात आणि ग्लेझमध्ये (वरच्या चकचकीत थरात) शिसं आणि कॅडमियम असू शकतं, आणि ते बघून कळत नाही. ताटली नुसती भिंतीवर असेल तर काही होत नाही, पण आंबट, गरम पदार्थ त्यात पडले की ते हळूहळू अन्नात उतरू शकतं. आपल्याकडे बाळाला काय देतात आठव, टोमॅटोचं सार, लिंबू पिळलेला वरणभात, दही, ताक. म्हणजे आंबटाशिवाय घास नाही. लहान मुलांसाठी शिशाचं सुरक्षित प्रमाण असं काही माहीतच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगतेय. घरी घासून बघायच्या टेस्ट किट मिळतात त्यावर मी फार विसंबणार नाही. आणि वर्षानुवर्षं सुरी-चमचे घासून चित्र फिकट झालं असेल, ग्लेझला बारीक तडे असतील तर ते भांडं ओल्या अन्नासाठी बादच समज. विंटेज घ्यायचंच असेल तर फळीवर ठेवायला घे आणि तसं वहिनीला स्पष्ट सांगून दे, नाहीतर पाचव्या दिवशी कौतुकाने त्यातच खिचडी वाढली जाईल.

बांबूवाला सेट मात्र यादीतून काढूनच टाक, फळीवरसुद्धा नको. दिसायला काय सुंदर, मातकट रंग, कडेला ससा, वर लिहिलेलं इको-फ्रेंडली, नॅचरल, आणखी काय काय. पण असे बरेचसे सेट म्हणजे मेलामाइनच्या प्लॅस्टिकमध्ये बांबूची पूड कालवलेली असते. युरोपियन युनियनने २०२१ मध्ये याविरुद्ध खास मोहीम उघडली होती, कारण अशी पूड अन्नाच्या भांड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये घालायला तिथे परवानगीच नाही, आणि अशा भांड्यांतून फॉर्मल्डिहाइड आणि मेलामाइन अन्नात जास्त उतरतं असं तपासात दिसलेलं. नैसर्गिक म्हणून साध्या मेलामाइनपेक्षा महाग घ्यायचं आणि निघतं त्याहून वाईट. अख्ख्या बांबूचा कोरलेला वाडगा ही वेगळी गोष्ट, पण ते छापील सशाचे सेट तसे नसतात.

साधं मेलामाइन त्यामानाने ठीक आहे. पडलं तर फुटत नाही, हलकं, चित्र छान उठतं, वर नाव छापून देतात. अट एकच आणि ती कडक आहे, मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही, आणि उकळतं काही त्यात ओतायचं नाही. जर्मनीची सरकारी संस्था ७० अंशांच्या वर नको म्हणते. कोमट वरणभात चालतो, पातेल्यातून थेट ओतलेलं कढण नाही. आता तूच सांग, मँचेस्टरच्या थंडीत तुझी आई बाळाचं ताट मायक्रोवेव्हमध्ये सरकवणार नाही याची गॅरंटी तू देतेस का? मी तर माझ्याही आईची दिली नसती.

वहिनीच्या थीमबद्दल आईचा सूर जरा 'हल्लीच्या पोरींची फॅशन' असा वाटला मला, म्हणून सांगते. हे काल-परवाचं इन्स्टाचं खूळ नाही. बीट्रिक्स पॉटरने १८९३ मध्ये आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, तो पाच वर्षांचा होता, पत्रातून ही गोष्ट चित्रं काढून पाठवली. पुढे प्रकाशकांनी नकार दिले, तेव्हा तिने १९०१ मध्ये स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या, आणि १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने ते रंगीत काढलं. आणि १९०३ मध्ये बाईने सशाची बाहुली स्वतः बनवून तिची नोंदणीसुद्धा केली! म्हणजे पुस्तकातलं पात्र वस्तूंवर आणून विकायची कल्पना हिच्या डोक्यात तेव्हाच होती, नंतर खेळ, वॉलपेपर, भांडी सगळं आलं. तिकडे बाळाला असं नर्सरीवेअर भेट देणं हे आपल्याकडच्या चांदीच्या वाटीसारखंच जुनं झालंय आता. नर्सरीवेअरच्या वाट्यांत तळाशी चित्र असतं ते उगाच नाही, पोराने शेवटचा चमचा संपवल्यावर ससा दिसतो. आपल्याकडे हेच काम तोंडाने चालतं, हा घास चिऊचा, हा घास काऊचा, तळाला चित्राची गरज नाही पण आजी पाहिजे. तुमच्या घरात सहा आठवडे दोन्ही आहेत, मजा करा.

फक्त आईला ती गोष्ट वाचून दाखवायच्या आधी पहिलं पान स्वतः वाचून घे. पीटरची आई पोरांना बजावते की मॅकग्रेगरच्या बागेत जाऊ नका, तुमच्या बाबांना तिथे अपघात झाला, मिसेस मॅकग्रेगरने त्यांना पायमध्ये घातलं. हो, पाय म्हणजे खायचा पाय, वर पिठाचं झाकण असतो तो. अशा शांत आवाजात सांगितलंय की मोठी माणसं चमचा हातात धरून थांबतात आणि मुलं पुढचं पान उलटतात. शेवटी पीटरला कॅमोमाइलचा चहा देऊन झोपवतात आणि शहाण्या बहिणींना जेवायला ब्रेड, दूध आणि ब्लॅकबेरी मिळतात, तेवढं माळकरी माणसालाही चालण्यासारखं आहे.

आता मुद्द्यावर येते. तू एकाच वस्तूकडून दोन कामं मागतेयस, बाळाने रोज त्यात खायला पाहिजे आणि ती पंचवीस वर्षांनी तिने आपल्या मुलांना दाखवायलाही पाहिजे. एक वर्षाचं मूल ताटलीचं काय करतं माहितीये ना? हायचेअरवर बसतं, ताटली दोन्ही हातांनी उचलतं, तुमच्याकडे बघत बघत हात बाहेर काढतं आणि सोडतं. मग खाली वाकून बघतं कुठे गेली. तुम्ही उचलून दिली की परत. हे ते वाह्यातपणा म्हणून करत नाही, त्याला तो शोध लागलेला असतो, आणि हा शोध दिवसातून तीनदा लागतो. त्या वयात रोजची भांडी स्टीलची नाहीतर सिलिकॉनची, खाली चिकटणारी, एवढंच. जी वस्तू जपायची आहे ती वेगळी, आणि ती जपायला बाळ नको, कपाट पाहिजे. एकदा हे दोन कप्पे केलेस की तुझे तीनही सेट आपोआप गळतात, बघ. विंटेज कपाटातलं, बांबू कुठलंच नाही, मेलामाइन हे रोजचं पण इथून ओझं वाहून न्यावं इतकं काही ते खास नाही.

आणि हे तुला कुणीतरी सांगायलाच हवं, नाशिकहून इंग्लंडचा ससा मँचेस्टरला नेणं ही उलटी गंगा आहे. ती ताटली आधी तिकडून इकडे मागवणार, त्यावर शिपिंग आणि कस्टम ड्युटी भरणार, आणि मग बॅगेत टॉवेलात गुंडाळून जिथली तिथे परत नेणार! अगं, तिकडे बहुतेक गावांत चॅरिटी शॉप, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तूंची दुकानं असतात, जुन्या नर्सरीवेअरचे सुटे तुकडे तिथे ऑनलाइनपेक्षा स्वस्तात पडलेले असतात. स्टोक-ऑन-ट्रेंट मँचेस्टरहून ट्रेनने तासाभराच्या आतबाहेर, जवळच बार्लस्टनला वेजवूडचा संग्रह बघता येतो. लेक डिस्ट्रिक्टमध्ये हिल टॉप हे पॉटरबाईंचं घरसुद्धा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने जपलंय, एका दिवसात जाऊन येता येईल. तू, वहिनी, बाळ आणि आई अशा चौघी जा, आणि सशाचा एकच छोटा मग तिथून वहिनीच्या पसंतीने घे. तिने हातात घेऊन निवडलेला मग विशलिस्टच्या लिंकपेक्षा बरा.

नाशिकहून काय न्यायचं तर जे नाशिकलाच मिळतं. सराफ बाजार आईसाठी सोड. चांदीची वाटी-चमचा आजीकडून येऊ दे, तो तिचा मान आहे, तू मध्ये पडू नकोस आणि पैसे वाटून घेऊया असंही सुचवू नकोस. फक्त वाटी हॉलमार्कची घ्या, कडा हाताने फिरवून बघा कुठे टोचत नाही ना, आणि वहिनीला दोन गोष्टी सांगा, चांदी पटकन तापते म्हणून गरम खीर थेट तिच्यात वाढून बाळाच्या ओठाला लावायची नाही, आणि खारट काही रात्रभर त्यात राहू द्यायचं नाही. अंड्याने चांदी काळी पडते. ते बाळ अंडं खातं का नाही हा विषय तू आईसमोर काढू नकोस, वाटी काळी पडली की आपोआप निघेल.

तू शेजारच्या भांडी बाजारात जा. स्टीलची कप्प्यांची ताटली घे, जाड पत्र्याची, ३०४ ग्रेडची, कडा आत वळवलेल्या, आता आयएसआय मार्क असलेलीही मिळतात. सोबत एक वाटी, एक छोटा पेला. आणि त्यावर नाव घालून घे. ती मशीन तू पाहिली असशील, माणूस हातात पेनासारखं धरतो, टर्रर्र आवाज करत ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर उमटत जातं, आणि तो न विचारता 'सप्रेम भेट' लिहायलाच लागतो, त्याला आधी थांबव. आपल्या आज्यांच्या सगळ्या भांड्यांवर अशी नावं आहेत, कुणाच्या लग्नात कुणी दिलं ते पन्नास वर्षांनी वाचता येतं, आणि ती भांडी अजून रोज वापरात आहेत. छापलेलं नाव काही वर्षांत धुऊन निघेल, हे निघत नाही. मजकूर छोटा ठेव, बाळाचं नाव, आत्याकडून, आणि वाढदिवसाची तारीख. नाव मराठीत घाल. आणि दुकानदाराला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे, तोंडी सांगू नकोस, हल्लीच्या बाळांची नावं ऐकून तो ऱ्हस्व-दीर्घाचं काय करेल सांगता येत नाही आणि खोडता येत नाही ते. त्याला सुबक हात असेल तर कडेला एक छोटा ससा काढायला सांग, दोन कान आणि शेपटी एवढंच, त्यात वहिनीची थीमही येते. पण आधी त्याच्याकडून एखाद्या रद्दी वाटीवर काढून बघ, कधीकधी उंदीर होतो.

आणि पुस्तक. ताटलीवर ससा आणि घरात गोष्टच नाही असं अनेक घरांत बघितलंय, मुलाला वाटतं हा ससा म्हणजे ताटलीचा ब्रँड आहे. पॉटरबाईंचा हट्टच होता की पुस्तक लहान आकाराचं हवं, लहान हातांत मावेल असं, अजूनही ती छोटी पुस्तकं मिळतात. आत्ता बाळ ते चावेल, म्हणून जाड पुठ्ठ्याच्या पानांची आवृत्ती घे आणि कागदी वेगळी, मोठेपणासाठी. आणि त्यासोबत मराठीतलं एक चित्रांचं पुस्तकही घे, ते मात्र इथूनच ने, तिकडे सहज मिळणार नाही. माझ्या मते तुझ्या सगळ्या भेटीत हेच सगळ्यात कामाचं.

वहिनीच्या रागाचं म्हणशील तर विशलिस्ट टाकणारी बाई रागावते कधी, तर तेच-तेच तिसऱ्यांदा आलं की. बहुतेकींनी ती यादी त्याच कारणाने टाकलेली असते, नाहीतर घरात सात टेडी होतात. तू तिला आजच मेसेज कर, भावाला नको, तो 'काहीही चालेल' म्हणेल. लिही, 'मी बाळाला नाव घातलेला स्टीलचा सेट आणि पुस्तकं आणतेय, आई चांदीची वाटी आणतेय. ससेवाला मग आपण तिकडे मिळून घेऊ. लिस्टमधलं अजून काही राहिलं असेल आणि इथे स्वस्त मिळत असेल तर सांग.' म्हणजे तिला आधीच कळेल, आणि आईच्या वाटीबद्दलही तिची तयारी होईल, नाहीतर आई उघडून दाखवते आणि समोरचीचा चेहरा पडतो, आणि मग ते सहा आठवडे निघत नाही.

सोबत न्यायचं आहे म्हणून, तिकडे उतरताना बाहेरून आणलेल्या वस्तूंवर माणशी ३९० पौंडांपर्यंत कर लागत नाही, चांदीची पावती आईच्या पर्समध्ये ठेव आणि वाटी चेक-इनच्या बॅगेत टाकू नकोस. पोस्टाने पाठवायचा विचार असेल तर भेटवस्तूची मर्यादा जेमतेम ३९ पौंड आहे, त्यावर गेलं की कर भरावा लागतो, आणि तो बहुधा भेट घेणाऱ्याच्या दारात मागतात. भावाकडून पैसे भरून भेट सोडवून घ्यायची म्हणजे फारच. नाव घालायला मात्र या आठवड्यातच टाक. लग्नसराई लागली की तो माणूस दहा दिवस वर बघत नाही, अख्ख्या रुखवताची भांडी त्याच्यापुढे रांगेत असतात.